रिटायरमेंटनंतर कोकणात राहायचंय? जागा घेण्याआधी काय काय तपासायचं

पन्नाशी जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जणांना गावाकडे जागा घ्यायचे वेध लागतात. पंधरा-वीस गुंठे, छोटं घर, चार कलमं, मागे भाजीचा वाफा. आम्हा दोघांचंही तेच होतं. चिपळूणपासून कुडाळपर्यंत बऱ्याच जागा बघितल्या, तलाठी ऑफिसच्या चकरा मारल्या, वकिलाकडे बसलो आणि शेवटी संगमेश्वर तालुक्यात जागा घेतली. या सगळ्यात जे कळलं ते क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमचा वेळ आणि पैसा वाचेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. जागा तुम्ही बघताय आज, पण तिथे राहणार सत्तरीत. तेव्हा गुडघे आजच्यासारखे नसतील, रात्री गाडी चालवता येईल की नाही सांगता येत नाही, आणि दोघांपैकी एकजण एकटाही असू शकतो. प्रत्येक जागा या नजरेने बघितली की निम्म्या जागा तिथल्या तिथे गळतात, आणि गळू द्याव्यात.

१. आधी बघा, तुम्हाला शेतजमीन घेता येते का

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. म्हणजे तुमच्या नावावर राज्यात कुठेतरी सातबारा पाहिजे. वडिलोपार्जित जमीन असेल आणि तुमचं नाव अजून लागलं नसेल तर आधी गावी जाऊन वारस नोंद करून घ्या, हे काम बरेच जण वर्षानुवर्षं तसंच ठेवतात आणि मग ऐनवेळी धावपळ होते. कुठेच जमीन नसेल तर गावठाणातली जागा किंवा बिनशेती झालेला प्लॉट हे दोन सरळ मार्ग आहेत. एजंट "शेतकरी दाखला आपण काढून देऊ" म्हणाला तर तिथून निघा, खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे कधीही उघडा पडू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

परदेशात असलेल्यांसाठी: फेमा कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयांना शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळालेली ठेवता येते.

२. जागा दोनदा बघा, मे महिन्याच्या शेवटी आणि जुलैमध्ये

एजंट तुम्हाला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेणार. तेव्हा सगळं हिरवंगार, हवा थंड, पऱ्याला (ओढ्याला) पाणी, कुणालाही ती जागा आवडेल. मेच्या शेवटी गेलात की पाणी किती उरतं ते कळतं आणि जुलैमध्ये गेलात की पाणी कुठून कुठे वाहतं, रस्ता टिकतो का, लाईट किती तास जाते, मोबाईलला रेंज राहते का ते सगळं कळतं. या दोन फेऱ्या झाल्याशिवाय टोकन देऊ नका. "दुसरी पार्टी तयार आहे" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जागेवर ऐकायला मिळेल, ते ऐकून घ्यायचं आणि आपल्या वेळापत्रकानेच चालायचं.

३. पाणी

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण यावरच लोक सगळ्यात कमी विचार करतात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग पाण्याचं काय टेन्शन असं वाटतं. पण कोकणात वरचा थर जांभ्याचा असतो, जांभा सच्छिद्र, त्यात पाणी मुरतं आणि उतारावरून झऱ्यांवाटे निघूनही जातं, समुद्र जवळच. त्यामुळे ऑगस्टमध्ये काठोकाठ असलेली विहीर मार्च-एप्रिलमध्ये तळाला जाऊ शकते. सड्यावरची म्हणजे वरच्या कातळावरची जागा स्वस्त असते, व्ह्यू मस्त असतो, ट्रक थेट जातो, आणि पाण्याची बोंब बहुतेक तिथेच असते.

तपासायचं कसं? पहिलं, आजूबाजूच्या चार-पाच विहिरी मेमध्ये स्वतः वाकून बघा. दुसरं, पाणी भरणाऱ्या बायकांशी बोला. मालक "बारमाही पाणी" म्हणेल, पण होळीनंतर कुठल्या विहिरीवर जावं लागतं हे त्या बरोबर सांगतात. तिसरी गोष्ट फारच कमी लोकांना माहिती असते: पंचायत समितीत दरवर्षी पाणीटंचाई कृती आराखडा होतो, त्यात कुठल्या गावातल्या कुठल्या वाडीला टंचाई येते आणि टँकर लागतो ते वाडीच्या नावानिशी असतं. मागच्या काही वर्षांचे आराखडे बघा, तुमची वाडी सारखी सारखी दिसली तर समजून जा.

बोअरवेलच्या भरवशावर जागा घेऊ नका. जांभ्याखाली काळा कातळ लागतो, त्यात भेग सापडली तर पाणी, नाहीतर कोरडं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याला ऑफिस असतं, त्यांच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्या, पाणाड्याला बोलवायचं तर बोलवा पण फक्त त्याच्यावर राहू नका. खाडीजवळ असाल तर उन्हाळ्यात पाणी खारं होतं का ते विचारा आणि पाण्याचा नमुना तपासून घ्या. विहीर सामाईक असेल तर तुमचा हिस्सा आणि पाण्याची पाळी खरेदीखतात लिहून आली पाहिजे, तोंडी "घ्या की पाणी, कोण नाही म्हणतंय" हे सध्याच्या मालकापुरतं खरं असतं, त्याच्या मुलांपुरतं नाही.

आता दिलासा देणारी गोष्ट. घरच्या वापरासाठी पावसाचं पाणी साठवलं तर कोकणात ते खरंच पुरतं. १००० चौरस फूट छप्पर आणि ३००० मिमी पाऊस म्हणजे हिशोबाने जवळजवळ पावणेतीन लाख लिटर पाणी, वाया जाणारं सोडलं तरी दोन लाखांच्या वर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे दोघांना ११० लिटर, फेब्रुवारी ते मे असे चार महिने धरले तर साधारण १३,००० लिटर. पंधरा-वीस हजार लिटरची पक्की टाकी बांधली की माणसांचा प्रश्न सुटला. बागेचं पाणी मात्र वेगळं, नवीन कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं.

४. रस्ता

जागेपर्यंत गाडी जाते हे पुरेसं नाही, ती कुणाच्या जमिनीतून जाते हे महत्त्वाचं. आज वाडीत सगळ्यांचं गोड आहे म्हणून शेजारी जाऊ देतोय, उद्या त्याने गडगा (दगडी कुंपण) घातला की तुम्ही तुमच्याच जागेबाहेर. गावनकाशा काढा (महाभूनकाशावर दिसतो) आणि रस्ता त्यात दाखवलाय का बघा. नसेल तर ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याच्याकडून रुंदीसह रस्त्याचा हक्क रजिस्टर दस्ताने लिहून घ्या आणि त्याच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या, आणि हे सगळं तुमच्या खरेदीच्या आधी. कायद्यात सोय आहे, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो, पण तारखा, अपील, शेजाऱ्याशी कायमचं वैर, हे सगळं निवृत्तीनंतर कशाला पाहिजे.

पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून जायच्या जागा दिसायला सुंदर असतात. पण चिऱ्याचा (बांधकामाच्या जांभ्या दगडाचा) ट्रक, जेसीबी, गॅस सिलेंडर आणि शेवटी रुग्णवाहिका यातलं काही तिथे पोचत नाही. आजही कोकणातल्या काही वाड्यांवरून आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. आम्ही पाखाडीवरच्या सगळ्या जागा सोडल्या, मन घट्ट करून. वाटेत साकव (छोटा पूल) असेल तर तो पावसात पाण्याखाली जातो का तेही विचारा.

५. सातबारा नीट वाचा

सरकारच्या महाभूलेख साईटवर सातबारा बघता येतो, डिजिटल सही असलेला १५ रुपयांत मिळतो. एजंटने व्हॉट्सअपवर पाठवलेल्या फोटोवर विश्वास नको, स्वतः काढा. सोबत आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नंबर दिसतात ते सगळे फेरफार काढा. फेरफारात जमिनीचा इतिहास असतो, कोण वारलं, वारस कोण, कुणी कुणाला विकली.

काय बघायचं:

- भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर मालकाला विकायला सहसा अडचण नाही. वर्ग २ म्हणजे विक्रीवर बंधन, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. देवस्थान इनामाच्या जमिनीच्या वाटेला जाऊ नका.
- इतर हक्क. सगळी गोम इथेच असते. कुळाचं नाव, कूळकायदा कलम ४३ चं बंधन (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही), सोसायटीचा बोजा, कोर्टातला दावा, पुनर्वसनासाठी राखीव, आदिवासी खातेदार (जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही). "जुनी पोकळ नोंद आहे हो" असं म्हणाले तर म्हणायचं, मग ती कमी करून आणा, नंतर बोलू.
- खाजगी वन. कोकणातला सगळ्यात मोठा सापळा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी सरकारकडे गेल्यात, पण बऱ्याच ठिकाणी ताबा आणि वहिवाट जुन्या मालकाचीच दिसते. "खाजगी वन" किंवा "३५(३)" (वन कायद्याखालची जुनी नोटीस) असा काही शेरा सातबाऱ्यावर वा जुन्या फेरफारात दिसला तर पुढे जाऊ नका. सिंधुदुर्गात आकारीपडचाही (सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनींचा) असाच घोळ असतो.
- नावं. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं कोकणात नेहमीची. अर्धे मुंबईत, एक बडोद्यात, दोघं वारलेले आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. "ते सह्या देतील, आपलीच माणसं आहेत" यावर एक रुपया देऊ नका. बहिणींची आणि मुलींची नावं आहेत का ते खास बघा, २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि रजिस्टर हक्कसोडपत्र नसेल तर ती किंवा तिची मुलं पुढे दावा करू शकतात.
- पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेलं क्षेत्र. वीस गुंठ्यातले आठ गुंठे पोटखराब असतील तर तिथे कातळ, पऱ्या किंवा तीव्र उतार असणार, भाव करताना हे धरा.
- झाडं. जमीन एकाची आणि आंब्या-फणसाची झाडं दुसऱ्याची, किंवा बाग पुढच्या काही वर्षांसाठी कराराने दिलेली, असं कोकणात चालतं. स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या.

आकाराचा हिशोब: १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे जवळपास १ गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर.

६. गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट घेऊ नका

"सी व्ह्यू फार्महाऊस प्लॉट, २ गुंठे, हप्त्याने" अशा जाहिराती तुम्ही बघितल्याच असतील. तुकडेबंदी कायद्यात जमिनीचं किमान प्रमाणभूत क्षेत्र ठरवलेलं असतं, २०२३ च्या अधिसूचनेने ते बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. त्याच्याहून लहान शेतीचा तुकडा तुमच्या एकट्याच्या नावावर होत नाही, मग दहा अनोळखी लोकांची नावं एका सातबाऱ्यावर टाकतात आणि प्रत्येकाला तारेचं कुंपण दाखवतात. पुढे कर्ज, परवानगी, विक्री सगळ्याला बाकीच्या नऊ जणांच्या सह्या. या कायद्यात अलीकडे बदल होत असतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशी नियम काय आहे ते दुय्यम निबंधक ऑफिसमध्ये विचारून घ्या.

७. मोजणी

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, जागा कुठे आहे ते नसतं. ते मोजणीनेच कळतं. भूमी अभिलेख ऑफिसला मालकाच्या नावाने हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकायला लावा, फी तुम्ही भरा हवं तर, पण खरेदीच्या आधी मोजणी झालीच पाहिजे आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. लगतचे खातेदार हजर असतील तर उत्तम, हद्दीवरून कोण कुरबुर करतंय ते तिथेच समजतं. खुणा दगड रोवून पक्क्या करा, फोटो काढा, आणि मोजणीची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) जपून ठेवा.

८. तिथे घर बांधता येईल का

शेतजमिनीवर मनासारखं घर बांधता येतं हा गैरसमज आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर काम बरंच सोपं, तिथे रूपांतरण कर भरून निवासी वापर होतो, वेगळी बिनशेती परवानगी घ्यावी लागत नाही. लांब शेतात फार्महाऊस बांधायचं तर साधारण ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर लागतो. किनाऱ्याजवळ सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) बघा, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत तो लागतो आणि विरळ वस्तीच्या गावात पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही, खाड्यांनाही सीआरझेड लागतो, तिथली अंतरं वेगळी.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल लोक फार घाबरवतात. जुलै २०२४ मध्ये त्याचा मसुदा पुन्हा निघाला, त्यात राज्यातलं १७,३४० चौरस किमी क्षेत्र आहे, गावांची यादी सोबत आहे. त्यातली बंदी खाणी, लाल वर्गातले (जास्त प्रदूषण करणारे) उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि वरची बांधकामं अशांवर आहे, तुमच्या कौलारू घरावर नाही. उलट शेजारी खाण येणार नाही म्हणून मला तरी असं गाव जास्त आवडेल.

जुनं घर घेत असाल तर एक सापळा: मालक ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवतो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. घर एकाच्या नावाने आणि खालची जमीन भावकीच्या नावाने असं बऱ्याचदा असतं.

९. दरड आणि पूर

माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. तिन्ही जुलैतली, अतिवृष्टीतली. डोंगराच्या पायथ्याची जागा बघताना वरच्या उतारावर चढून भेगा आहेत का, झाडं तिरकी झालीत का, नवीन रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय का ते बघा. तहसीलमध्ये दरडप्रवण गावांची यादी असते. नदीकाठी असाल तर २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते लोक भिंतीवर हात लावून दाखवतात, चिपळूणच्या आजूबाजूला तर नक्कीच.

१०. दवाखाना, साप, माकडं

माझा नियम: पावसातल्या रात्री ४५ मिनिटांत चांगल्या हॉस्पिटलला पोचता आलं पाहिजे. मॅपवरची वेळ धरू नका, जुलैतल्या रात्री स्वतः गाडी काढून बघा. आम्ही चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलपासूनचं अंतर धरून जागा शोधली, दक्षिण सिंधुदुर्गातले लोक मोठ्या आजाराला गोव्यात बांबोळीला जातात. कातळ-सड्यावर फुरसं भरपूर असतं, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का हे जाऊन विचारा. दोडामार्ग भागात बघत असाल तर माकडतापाचीही चौकशी करा.

भाजीचं स्वप्न असेल तर वानर-माकडांचा प्रश्न खूप गंभीरपणे घ्या. कोकणात कितीतरी लोकांनी परसातली भाजी लावणं माकडांमुळे सोडलंय, रात्री रानडुकरं वेगळी. शेजाऱ्याच्या परसात काय उभं आहे ते बघा, काहीच नसेल तर कारण विचारा. जाळीचं शेड बांधायचा खर्च आधीच धरा.

११. महिनाभर भाड्याने राहा

त्याच वाडीत नाहीतर शेजारच्या वाडीत, आणि शक्यतो जूनमध्ये. दुकान किती लांब, दुपारी तीनला कुणाशी बोलायचं, गावकीची वर्गणी काय, शिमग्याला पालखी कुठून जाते आणि तुमच्या जागेतून मानाची वाट किंवा देवाची राखण आहे का, हे सगळं राहिल्यावरच समजतं. दोघांनी जा. एकाला आवडलं आणि दुसरा गप्प बसला असेल तर घाई करू नका.

१२. पैसे आणि खरेदी

जमिनीची किंमत म्हणजे एकूण खर्चाचा एक भाग. मोजणी, गडगा, विहीर किंवा टाकी, महावितरणचे पोल, रस्ता, चिऱ्याचं घर, सगळं मांडा आणि मग जमिनीला किती देता येतात ते ठरवा. वकील स्थानिक घ्या पण एजंटने सुचवलेला नको. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने दस्त आणि मालकी तपासून वकील देतो तो अहवाल) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हे दोन्ही करा. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ रक्कम कायद्याने चालत नाही, सगळं चेकने. कुलमुखत्यारपत्रावर कुणी विकत असेल तर मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय सही नाही.

फाईलमध्ये असायला हवेत ते कागद:

- ताजा सातबारा, आठ-अ आणि सगळे फेरफार
- गावनकाशा, गटाचा नकाशा, मोजणीची क प्रत
- तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा
- सर्च रिपोर्ट, जाहीर नोटीशीचं कात्रण
- रस्ता आणि पाणी हक्काचे दस्त
- सगळ्या सहहिस्सेदारांची संमती किंवा हक्कसोडपत्रं
- दोन्ही बाजूंचे आधार, पॅन

खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे काम संपलं असं नाही. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव छापून दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आणि रिटायरमेंटला अजून काही वर्षं असतील तर पहिल्याच पावसाळ्यात कलमं लावा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून माती तपासून आणि रोपं घेऊन. हापूसला नीट धरायला सहा-सात वर्षं सहज जातात, काजू त्याच्या आधी येतो. राखायला गावातला माणूस ठेवाल तेव्हा त्याचा पगार बँकेतून द्या, कामाचा कागद करा, आणि ई-पीक पाहणी (सरकारी अॅपवरची पिकांची नोंद) दर हंगामात स्वतःच्या मोबाईलवरून स्वतःच्या नावाने भरा. सातबाऱ्याच्या पीक रकान्यात दुसऱ्याची वहिवाट लागली तर ती काढणं सोपं नसतं.